यादीत नसलेली मालकीण

सून दार उघडून धरते, पण मागे वळून बघत नाही, ही हौसाक्कांची जुनी तक्रार. आजही तेच. वृषालीने बेदाण्याच्या शीतगृहाचं दार धरलं, अक्का आत शिरून पेट्या तपासू लागल्या, आणि सून सौद्याच्या घाईत सांगलीला निघून गेली. दार आपोआप लागलं.

"उघड," अक्का म्हणाल्या.

भिंतीतल्या यंत्राचा आवाज अदबीने म्हणाला, "दार उघडणं तुमच्या नेमणुकीत नाही."

अक्कांनी त्याला मेल्या म्हटलं, त्याचं खानदान काढलं. अदब तसूभर ढळली नाही. आत चार अंश, सत्तरीच्या अंगावर सुती लुगडं, आणि कामगारांना बाजारची सुट्टी.

गेल्या वर्षी चोरांनी अक्कांच्याच आवाजाची हुबेहूब नक्कल करून फोनवरून हे दार उघडवलं होतं. साठ घरांचा बेदाणा गेला. म्हणून यंदा वृषालीने यंत्रणेवर सक्तीचा पहारा बसवला. माणूस असो की मशीन, प्रत्येकाला नेमणुकीची चिठ्ठी. चिठ्ठीबाहेरचं काम मालकाने सांगितलं तरी होणार नाही. महिनाभर पहारा कुणाला न अडवता कोण काय करतं ते नुसतं टिपत होता. त्यावरून कुणी काय करायचं याची यादी बनली, नियम ठरले, आज सकाळी लागू झाले.

अक्कांनी भिंतीवरच्या फोनवरून सुनेला गाठलं. ऐकून तिचा आवाजच उतरला. दुरून दार उघडायची सोय तिनेच काढून टाकली होती. निघालेच, म्हणाली, तासभर लागेल, बसू नका, चालत राहा.

अक्का रिकामी पोती पांघरून फेऱ्या मारू लागल्या. पाय बधिर व्हायला लागले तसं त्यांनी पुन्हा फोन लावला. "महिनाभर रोज येत होते की गं मी इथं. तुझ्या पहाऱ्याला दिसले नाही?"

"दिसलात, अक्का. पण दाराला एकदाही हात लावला नाहीत."

खरंच होतं. त्या येताना दिसल्या की कुणीतरी धावत येऊन दार धरायचं. चाळीस वर्षं अक्का यालाच मान समजत आल्या होत्या.

दार उघडलं तेव्हा त्यांना ओठ हलवणंही जड जात होतं. वृषालीने रडतच स्वतःची शाल त्यांच्याभोवती गुंडाळली. आत्ताच्या आत्ता पहारा उतरवते, म्हणाली.

"उतरवू नको. त्यानं दिसलं तेवढं टिपलं. यादी वाचून मंजूर तू केलीस. तीत मी नव्हते, आणि वाचताना तुला कुणी कमी वाटलं नाही. घरचं माणूस आठवायचा नियम कुठं लिहिणार, सांग."