कड्यावरून पाडणाऱ्यांचा कारखाना

रसिकाने दार ढकललं, तेव्हा आत एक तरुण आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच टाळक्यात लाटणं मारून घेत होता.

बरं, एकदा मारून गप्प बसावं, तर तेही नाही! मारायचा, डोळे तिरळे करायचा, झोकांड्या खायचा, मग शांतपणे टेबलाशी जाऊन काहीतरी खरडायचा, की पुन्हा आरशासमोर हजर. रसिकाने बाहेरची पाटी परत वाचली. पत्ता तर बरोबर होता... केबिन रोड, भांड्यांच्या दुकानावरचा मजला.

"अहो, लागेल ना!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

तो वळला. कपाळ लालबुंद. "लागतंय. पण टेंगूळ काही येत नाही. तुम्ही जरा जोरात मारून बघता का?"

"ओळख ना पाळख, आणि एकदम डोकं फोडू?"

"ओळख झाल्यावर फोडणारे पुष्कळ आहेत हो." आणि त्याने खरंच लाटणं तिच्यापुढे धरलं.

रसिका कांबळे इतकी हसली, की नोकरीसाठी आणलेली चित्रं हातातून सटकून खाली पसरली. ती गोळा करायला तो वाकला—तोच कौस्तुभ.

ते साल चौऱ्याण्णव. घरोघर केबल आली होती. परदेशातली कुठलीशी कंपनी जुन्या धाटणीची छोटी विनोदी कार्टून बनवायची आणि त्यांची चित्रं काढायचं काम भाईंदरच्या या खोलीत यायचं. इथला रिवाज असा, की कोणाला पाडायचं असेल तर आधी आपण आरशासमोर पडायचं आणि मग ते कागदावर उतरवायचं. कोणी भिंतीला थडकतोय, कोणी केळ्याच्या सालीवरून घसरतोय... नव्या माणसाला वाटावं, वेड्यांचा बाजार! कौस्तुभ मुख्य चित्रं काढायचा, म्हणजे उडीचं पहिलं आणि शेवटचं. त्या दोहोंमधली सगळी चित्रं रसिकाने भरायची.

"इथले कायदे वेगळे आहेत हं," त्याने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "माणूस कड्यावरून चालत हवेत गेला, तरी पडत नाही. खाली बघितलं, की पडतो."

"असं का?"

"आपण पडतोय हे कळायला नको?"

"आणि मरत नाही?"

"छे! डोक्याभोवती चार चिमण्या फिरतात, की गडी ठणठणीत. आणि डोंगरावर खोटा बोगदा रंगवला ना, तर दुसरा त्यातून आरामात निघून जातो. ज्याने रंगवला तोच आपटतो."

"करावे तसे भरावे."

"घ्या! सगळ्या धंद्याचं सार बाईंनी एका म्हणीत गुंडाळलं!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. दुपारी डबा खाताना तो आपल्या डब्यातली सुकट तिच्या डब्यात सरकवायचा आणि 'चोर... चोर...' म्हणून स्वतःच ओरडायचा. तिची पेन्सिल टोक करून ठेवायचा. खिडकीतून लांब मिठागरं पांढरी दिसायची. तिथे बघताना दोघांची नजर मध्येच एकमेकांकडे वळायची आणि घाईघाईने मागे फिरायची. आता यात न कळण्यासारखं काय आहे? रसिका प्रेमात पडली होती. सपशेल.

अडचण एकच. कौस्तुभ सरळ बोलायचा नाही. गोष्ट जितकी गंभीर, तितका त्याचा विनोद मोठा.

"रविवारी मला बघायला येतायत," एका दुपारी तिने सांगून टाकलं. "डोंबिवलीचा आहे. बँकेत. बाबांना स्थळ फार आवडलंय. पसंती आली, तर त्याच दिवशी सुपारी फोडायची म्हणतायत."

कौस्तुभचा खोडरबरावरचा हात थांबला. रसिका वाट बघत राहिली. आता बोलेल... आता...

"मग पोह्यांत मिरच्या जास्त घाल," तो म्हणाला. "कानांतून वाफ निघाली, तर माणूस आपल्या लायनीतला समज."

शेजारची दोघं फिदीफिदी हसली. रसिका नाही हसली.

"कधीतरी सरळ बोलशील का रे तू?"

"सरळ बोललं की... खाली बघावं लागतं गं." तो हे हळू म्हणाला आणि लगेच खोडरबर डोक्यावर तोलत निघून गेला. मेल्याला काय म्हणावं! तिला रडू आलं आणि रागही आला.

शुक्रवारी तिच्या टेबलावर एक प्रसंग आला. एक ठेंगणा माळी एका उंच, नाकेल्या मडमेला फूल देतो. त्याचं हृदय शर्ट ताणून धाडधाड बाहेर येतं. मडम फूल हुंगते आणि त्याच्या डोक्यात तवा हाणते. अशा प्रसंगांत तवा ठरलेलाच. रसिकाने कौस्तुभची चित्रं बोटांमध्ये धरून भरभर उलटली, आणि तिचा हात तिथेच थबकला.

मडमेने गळ्यातल्या रुमालाचं टोक दातांत धरलं होतं. डावा खांदा किंचित वर घेऊन ती विचारात पडली होती. तवा हातात तसाच, मारायचं विसरूनच गेलेली! नाक मडमेचं होतं, झगा मडमेचा होता, बाकी सगळी रसिका होती. ओढणीचं टोक चावायच्या सवयीवरून तर आई तिला उठता-बसता बोलायची.

ती कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली. "ही चुकलीय."

"कोण?"

"मडम. ती रुमाल दातांत धरत नाही. कंपनीने पाठवलेल्या नमुन्यात असं कुठेच नाहीये."

"मग कोण धरतं?" तो सवयीने म्हणाला आणि त्याने वर बघितलं. त्या क्षणीही ओढणीचं टोक रसिकाच्या दातांत होतं. तिने ते घाईने सोडलं. कौस्तुभने आपलं चित्र पाहिलं, तिला पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

खोलीचे मुख्य दत्ताराम मागून खाकरले. "कौस्तुभ, ही मडम तिकडे चालायची नाही. गठ्ठा उद्या जातोय. नव्याने काढ."

"मी मुद्दाम नाही... हात आपोआप..."

"हाताला कळलंय," रसिका हळूच म्हणाली. "तोंडाचं काय?"

त्याने तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी फर्मास येणार. पण शब्दच फुटेना. तिने कागद ठेवले. "रविवारी सकाळी येतील ते. सिल्व्हर पार्कला, आमच्या घरी," एवढं बोलून ती जागेवर गेली.

शनिवारी नव्या मडमेने तवा झकास हाणला. मधली चित्रं रसिकानेच भरली.

रविवारी बेल जरा लवकरच वाजली. आईने, वैजयंताबाईंनी, दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. "या, या! एकटेच? घरचे मागून येतायत वाटतं!" त्यांनी पाहुण्याला बसवलं, पंखा मोठा केला, पोहे पुढे ठेवले. त्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, ते बघून वडील आत्माराम खूश झाले.

रसिका पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थिजली. कौस्तुभ!

त्याच्या कार्टूनमधल्या कोणीही असली संधी सोडली नसती. खोटी मिशी लावून पोहे हाणले असते, बँकेच्या गप्पा ठोकल्या असत्या आणि खरा नवरामुलगा आला, की भिंतीत स्वतःच्या आकाराचं भोक पाडून पळ काढला असता. कौस्तुभच्या ओठाचा कोपरा हललासुद्धा. तिने ट्रे घट्ट धरला. देवा, आज तरी नको...

"मग, बँकेची शाखा कुठली तुमची?" आत्मारामांनी विचारलं.

कौस्तुभने बशी खाली ठेवली. "काका, मी तो नाही."

वैजयंताबाईंनी दाराकडे पाहिलं.

"मी कौस्तुभ. रसिकाबरोबर काम करतो. ते लोक अजून यायचेत. त्यांच्यानंतर येऊन उपयोग नव्हता, म्हणून आधी आलो." त्याने एकदा रसिकाकडे पाहिलं. "मला रसिका फार आवडते. तिच्याशी लग्न करायचंय. हे तिलाही नीट सांगितलं नाही... सांगायला गेलो, की माझ्या तोंडून भलतंच येतं."

"काम काय करता?" आत्मारामांचा आवाज करडा झाला.

"माणसं पाडतो, काका. कड्यावरून. चित्रांत."

कोणी हसलं नाही. त्याने तो विनोद केलाच नव्हता. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"रसिका," आई म्हणाली, "तू काय म्हणतेस गं?"

आणि काय गंमत बघा! इतके दिवस सरळ बोल, सरळ बोल म्हणणाऱ्या या पोरीची जीभ टाळ्याला चिकटली. एकीकडे स्थळाचं नाव निघालं की खुलणारा बाबांचा चेहरा, दुसरीकडे तो घाम. तिला दोन्हींकडे बघवेना.

"बोल," आत्माराम म्हणाले. "पाहुणे येतील एवढ्यात."

"बाबा..." तिने ट्रे खाली ठेवला. "खालच्या पीसीओवरून डोंबिवलीला फोन करता का? निघाले नसतील अजून."

आत्माराम उठले, पायांत चपला सरकवल्या, खुंटीवरची पिशवी उगाचच काढून परत अडकवली.

"त्यांचा नंबर दे," ते म्हणाले.