खेकड्याचं बीळ

आठवीच्या मुलांना दाखवायला खेकडा हवा होता, म्हणून त्या रविवारी दुपारी मी काचेची बरणी घेऊन आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओणवी झाले. बिळात कोपरापर्यंत हात घातला. आत काहीतरी हललं... उबदार होतं. खेकडा उबदार नसतो. मी हात झटकन मागे घेतला.

"मले वाटलं, खेकडाच हाय," पलीकडून आवाज आला.

"मलेबी," मी म्हणाले.

धुऱ्याच्या त्या बाजूने डोकं वर आलं ते शेजारच्या शेतातल्या खुशालचं. आमच्या घरांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं.

गावात ख्रिस्ती घरं अकरा, प्रार्थनाघर एक. सत्याहत्तरच्या श्रावणात हाच धुरा फुटला. खुशालच्या वरच्या शेतातलं पाणी खाली आलं आणि आमचा नुकताच रोवलेला धान घेऊन गेलं. मी तेव्हा नागपूरहून बी.एस्सी. होऊन आले होते. फुटलेल्या जागेच्या कडा सरळ होत्या. हा फावड्याने कापलाय, असं मी बाबांना सांगितलं. बाबांनी मानलं, कारण मी शिकलेली होते. तेव्हापासून प्रार्थनाघरात आमच्या बाजूची पाच घरं डावीकडे बसत, खुशालच्या बाजूची सहा उजवीकडे. बाबा आणि खुशालचे वडील लक्ष्मणराव, दोघंही प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेत नव्हते.

आणि आता माझी बोटं त्याच धुऱ्याच्या आरपार कुणाला तरी लागली होती.

मी पुन्हा बिळात हात घातला. ओलं, गुळगुळीत. अशा बिळातून पाणी वाहू लागलं की ते आतून माती खातं, आणि वरची चिकण माती सरळ कडा ठेवून कोसळते. कॉलेजात वर्षभर खेकडे चिरले होते मी. ते राहतात कसे, हे मात्र पाहिलं नव्हतं.

"तुमाले माहीत होतं?"

"दोन वर्सं झाले. दर पावसाळ्यात बुजवून राहिलो."

"मंग सांगितलं काहून नाई?"

तो हाताची माती पुसत राहिला. "तुमच्या बाबाले तुमच्यावर लय भरोसा हाय, मास्तरीनबाई. तो मी कायले मोडू?"

मग त्याने दुसऱ्या बिळातून एक खेकडा काढला आणि माझ्या बरणीत सोडला. "घ्या. गुन्हेगार सापडला."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी बाबा आठवले. सांगावं तर बाबांचा माझ्यावरचा विश्वास जाणार होता. न सांगावं तर हा माणूस धुऱ्याच्या पलीकडेच राहणार होता.

महिनाभर मी गप्प राहिले.

कापणीच्या सणाला प्रत्येक घराची पहिली पेंढी वेदीपुढे ठेवतात. त्या वर्षी आमची पेंढी माझ्या हातात होती. पाळकांनी वचन वाचलं... अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते वचन बाबांसाठी आहे, असंच मी आजवर समजत होते.

पेंढी खाली ठेवून मी उजवीकडे गेले आणि लक्ष्मणरावांपुढे वाकले.

"काका, धुरा कोनी कापला नव्हता. खेकड्याचं बीळ होतं. चूक माझी झाली... मले माफ करा."

मान वर करायचं मला धैर्य झालं नाही. मग माझ्या शेजारी दोन भेगाळलेली पावलं येऊन थांबली. बाबांची.

"पोरीनं फक्त धुरा पायला होता, लक्ष्मण. मी तं तुले लहानपनापासून पायलं. तरी मानलं मी."

लक्ष्मणराव सतरंजीवर थोडे सरकले, आणि शेजारची जागा हाताने झटकली. "बस, परसराम."

त्या दिवशी दोघांनी प्रभुभोजन घेतलं, एकाच पेल्यातून.

बाहेर सगळे चहा घेत उभे असताना खुशाल हळूच जवळ आला.

"ते बीळ अजून बुजवलं नाई मी."

"काहून?"

"धान कापला. आता पानी नाई, धोका नाई." तो चहाच्या कपाकडे पाहत होता. "तुमाले पुन्यांदा खेकडा पायजे असंल तं..."

"या दिवसात खेकडे खोल जातात," मी म्हणाले. "भेटनार नाई."

"नाई भेटला तं... हात तं भेटंल."

पुढच्या रविवारी मी धुऱ्यावर गेले. बरणी नेली नाही.