श्यामलाकाकूची लाल बॅग

"तुम्ही मराठी आहे का?"

परक्या देशात, भर पावसात, लंडनच्या पिनर स्टेशनच्या दारात कुणी असं विचारलं की मी आधी पर्स सांभाळते. नागपूरची आहे मी, इतकी काही भोळी नाही. पण चूक माझीच होती. वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीला मी मोठ्याने म्हटलं होतं, "मेले, आजच मरायचं होतं तुला?"

"आहे. का?"

"नाही... मी पण," तो म्हणाला. उंच, ओले केस कपाळाला चिकटलेले, आणि हसला की डावी भुवई एकटीच वर जाणारी. "माझा छत्री मोठा आहे. अगं बाई! केवढी भिजली तुम्ही!"

पुरुषाच्या तोंडून 'अगं बाई' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. हसू दाबत मी पत्त्याचा कागद पुढे केला. कंपनीने दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं, आणि शशिकांत नावाच्या एका रिटायर्ड मराठी गृहस्थांकडे मला खोली मिळाली होती. त्याने कागद वाचला आणि भुवई वर गेली. "तो माझा बाबा आहे. मी समर."

"मी वैभवी. आणि बाबांना 'ते' म्हणतात."

"ते छत्रीत या," तो म्हणाला. मुद्दाम. आला मोठा शहाणा!

दोन हजार दोनचा ऑक्टोबर होता. संध्याकाळचे चार वाजले होते आणि अंधारून आलं होतं. घराच्या फाटकाशी मी सहज वर पाहिलं. माडीवरच्या छोट्या खिडकीतला पडदा कुणीतरी दोन बोटांनी बाजूला धरला होता. बारीकसं मनगट, त्यावर हिरव्या बांगड्या.

"तुमच्या आई वाट बघतायत वाटतं," मी म्हटलं.

समर थांबला. छत्रीवरून पाणी गळत राहिलं.

"आई आठ वर्षांपूर्वी गेली," तो म्हणाला. "आणि वर... वर कोणी नसते."

मी पुन्हा पाहिलं, तर पडदा सरळ होता.

दमले होते, विमानात झोप नव्हती, असं मी मनाला समजावलं. शशिकांतकाकांनी चहा केला. कमी बोलणारे, खाली बघून चालणारे गृहस्थ. माझी खोली माडीवर होती आणि शेजारी ती खिडकीवाली अडगळीची खोली. तिच्यात रिकाम्या खोक्यांच्या मधोमध एक लाल बॅग उभी होती. खटक्यांची, जुन्या धाटणीची. तिच्यावर धूळ मात्र नव्हती.

पहिल्या शनिवारी चार वाजता तो आवाज आला. खट... खट. बॅगेचे दोन खटके कुणीतरी लावले, आणि पाठोपाठ काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मी जाऊन पाहिलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

तसे दिवस छान चालले होते, खोटं कशाला बोलू! समर रोज स्टेशनवर भेटायचा, 'योगायोगाने'. त्याची ऑफिसची गाडी माझ्या आधी वीस मिनिटं यायची, हे मला टाइमटेबलवरून केव्हाच कळलं होतं. त्याचं मराठी मी सुधारायचे आणि तो ते मुद्दाम बिघडवायचा. एकदा चहा देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

"चहा सांडेल," मी म्हटलं.

"सांडू दे," तो म्हणाला. व्याकरणात एकही चूक नाही!

त्याच संध्याकाळी माझं कपाट रिकामं झालं होतं. माझे कपडे मिळाले लाल बॅगेत. स्वेटर, सलवार-कुडते, रुमालसुद्धा, सगळं घडी घालून. घड्या इतक्या सुबक की मला स्वतःला कधी जमल्या नसत्या.

मी तरातरा जिना उतरले. "ही काय थट्टा आहे? मी जावं असं वाटत असेल तर तोंडाने सांग ना!"

समरचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही केला. वैभवी, आईशप्पथ." मग हळूच म्हणाला, "तशी घडी श्यामलाकाकू घालायची."

शशिकांतकाकांनी पेपर खाली ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते सलग बोलले. श्यामला त्यांच्या धाकट्या भावाची, उल्हासची बायको. वाईची मुलगी, शहाऐंशी साली नवी नवरी म्हणून या घरात आली. लग्नाच्या व्हिसावर आलेल्या बाईचं इथलं पहिलं वर्ष ट्रायलचं असतं. वर्षभरात नवऱ्याने 'हे लग्न संपलं' असं कळवलं, की तिने परत जायचं. अकराव्या महिन्यात उल्हासने तसं पत्र लिहिलं. त्याला दुसरी कुणी भेटली होती.

"मी मोठा भाऊ. घर माझं. तिच्या बाजूने उभा राहू शकलो असतो," काका म्हणाले. "मी गप्प बसलो. तिने बॅग भरली. माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ म्हणायची. त्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि... वर्ष भरायला बारा दिवस होते हो."

"मराठी तिनेच मला शिकवली," समर म्हणाला. "आईबाबा माझ्याशी इंग्लिश बोलायचे. मी अकराचा होतो. अकरा महिने. म्हणून ते तसं आहे." म्हणजे ते 'अगं बाई' तिचं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच क्षणी तो मला इतका आवडला की काय सांगू.

त्यानंतर हा नियमच झाला. समर जरा जवळ आला, की माझे कपडे बॅगेत. त्याने एकदा माझ्या कपाळावरची बट मागे सारली, तर टूथब्रशसकट सगळं पॅक! मी घाबरायचे, पण निघून जावंसं वाटत नव्हतं. ती मला हाकलत होती की सावध करत होती, तेवढंच कळत नव्हतं.

ते डिसेंबरात कळलं. निघायला चार दिवस उरले होते. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटत असताना, समरने विचारलं, "लग्न करशील माझ्याशी? व्हिसा सोपा आहे. एकच वर्ष प्रोबेशन. फक्त फॉर्मॅलिटी..."

वर एकदम बांगड्या वाजल्या. किणकिण नव्हती ती, कुणी हात आपटावा तशी. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"फॉर्मॅलिटी कुणासाठी, समर?" मी म्हटलं. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. पण ज्या घरात माझं असणं तुझ्या एका पत्रावर टिकणार, तिथे मी येणार नाही. ट्रायलवर नाही म्हणजे नाही. एक दिवस पण नाही."

चार दिवसांनी विमान सुटलं. मी नागपूरला आले आणि दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडले.

तिसऱ्या दिवशी रिक्षा थांबली. समर उतरला, हातात लाल बॅग.

"सकाळी उठलो तर हे पॅक," तो दारातूनच म्हणाला. "माझे कपडे. सगळे. पासपोर्ट वर ठेवलेला. तिने माझा बॅग भरला, वैभवी! मग आलो. ट्रायल द्यायचा तर मी देतो... तुझ्या घरी."

माझी आई, सुप्रभा, चष्मा वर करून त्याला बघत राहिली. "येऊन तर राहिला," ती म्हणाली, "पण टिकते का पाहू."

त्याला भारतात राहायला, नोकरी करायला कागद हवे होते. म्हणून महिन्याची नोटीस देऊन आम्ही सतरा जानेवारीला रजिस्टर लग्न उरकलं. तो पौष होता. "पौषात कुठे लग्न असतं का? हे नुसते कागद," आईने जाहीर केलं, आणि सर्टिफिकेट तिच्या लोखंडी कपाटात गेलं. मेमध्ये, वैशाखात, खरं लग्न. तोवर समर कागदावर नवरा आणि घरात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू! जिन्यात भेटला की म्हणायचा, "मिसेस, जरा बाजूला व्हा." चार महिने आम्ही जिन्यातच संसार केला.

लाल बॅग वरच्या खोलीत, पलंगाखाली गेली. ती चार वर्षं गप्प होती. फक्त आई कधी म्हणायची, "वैभवी, दुपारी वर हिरव्या बांगड्या घालून फिरत होतीस का गं?" मी बांगड्या घालतच नाही.

पुढे तिकडचा व्हिसाचा नियम बदलला. ट्रायल एक वर्षाची दोन वर्षांची झाली. पण लंडनचे पद्माकर वकील फोनवर म्हणाले, "लग्नाला चार वर्षं झाली असतील, तेवढी वर्षं दोघं बाहेर एकत्र राहिला असाल, आणि एकत्रच कायमचे आलात, तर ट्रायल नाही. पहिल्या दिवसापासून पक्का मुक्काम. लग्न कधीचं?" आम्ही एका सुरात सांगितलं, "मे दोन हजार तीन." म्हणजे मे दोन हजार सातपर्यंत थांबणं आलं. दोघं इंजिनिअर हो! पण आमच्या लग्नाचा वाढदिवस मेचा, अल्बम मेचा, जेवणावळ मेची. पौषातलं लग्न आईने मोजलं नाही, म्हणून आम्हीही मोजलं नाही.

दोन हजार सातच्या जानेवारीत काकांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते. "घाई करू नका," ते म्हणाले. "मे होऊ दे. तिला... तिला पूर्ण हक्काने आण, समर. मी थांबतो."

ते थांबणार नव्हते, हे तिघांनाही कळत होतं. समर खिडकीशी उभा होता. खांदे हलत होते, आवाज नाही. ज्या माणसाने माझ्या एका वाक्यासाठी आपलं घर, बाप, गाव चार वर्षं सोडलं, त्याची ती पाठ मला बघवेना.

"चल," मी म्हटलं. "आत्ता मिळेल तो व्हिसा घेऊ. दोन वर्षं तर दोन वर्षं. मी येते ट्रायलवर."

तो वळला. "नाही. तू म्हणाली होतीस, एक दिवस पण नाही."

"तेव्हा मला घाबरायला होत होतं. आता तुझ्यावर प्रेम आहे माझं, वेड्या. बाबा वाट बघतायत."

आणि वर आवाज झाला. खट... खट.

चार वर्षांनी. आम्ही एकमेकांचा हात धरून जिना चढलो. पलंगाखालची बॅग खोलीच्या मधोमध उभी होती. समरने खटके उघडले. दोघांचे कपडे, एकाशेजारी एक, सुबक घड्या. सगळ्यात वर एक कागद, जो आईच्या कुलूपबंद कपाटात असायला हवा होता. विवाह नोंदणी. सतरा जानेवारी दोन हजार तीन.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशीही सतरा जानेवारी होती. बरोबर चार वर्षं भरली होती.

"अगं बाई..." समर पुटपुटला.

बाकी कागद तयारच होते. चार वर्षांची एका छपराखालची बिलं, पत्रं, बँकेची पासबुकं. तीन आठवड्यांत पासपोर्टवर पक्क्या मुक्कामाचा शिक्का बसला. ट्रायलचा एक शब्द नव्हता त्यात.

हीथ्रोच्या काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडला, मग माझ्या खांद्यामागे पाहिलं. "तुम्ही तिघं एकत्र आहात?"

"दोघंच," मी म्हटलं. माझी मान मागे वळेना.

तिने डोळे मिचकावले, पुन्हा पाहिलं, आणि शिक्का मारला.

पिनरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. दार उघडं होतं. काका खुर्चीत बसले होते, शालीत गुंडाळलेले, हाडांचा सापळा नुसता. उंबऱ्यावर त्यांनी माप ठेवलं होतं. स्टीलचा पेला, काठोकाठ तांदूळ. मला हुंदका आला. मग दिसलं, शेजारी दुसरा पेलाही होता, तसाच भरलेला.

"बाबा, दुसरं कुणाचं?" समरने विचारलं.

काका आमच्याकडे बघतच नव्हते. "तेव्हा तुझ्यासाठी बोललो नाही," ते आमच्या मागे कुणाला तरी म्हणाले. "आज घर माझं आहे तोवर सांगतो. आत ये, श्यामला. तुला कुणी जा म्हणणार नाही."

मी उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ आत सांडले. दुसरा पेला तसाच उभा होता. समरने माझा हात घट्ट धरला. पाऊस नाही, वारा नाही, फाटकसुद्धा हललं नाही.

मग तो पेला हळूच कलला. अगदी नव्या नवरीसारखा, जपून. तांदूळ माझ्या तांदळांवर पसरले, त्यांत उजव्या पायाची पाच बोटं उमटली, आणि बांगड्यांची किणकिण जिन्यावरून वर गेली. काका ओंजळीत तोंड लपवून रडले.

लाल बॅग समरच्या हातातच होती. त्याने ती वर नेऊन अडगळीच्या खोलीत ठेवली, दार लोटलं आणि खाली आला. आम्ही तिघं चहाला बसलो होतो तेव्हा खटके वाजले. खट... खट. बॅग लावतानाचा आवाज मला पाठ होता. हा तो नव्हता, हा उघडतानाचा होता.

संध्याकाळी वर गेले, तर माझ्या कपाटात सगळे कपडे हँगरवर लावलेले होते. माझ्या साड्यांच्या शेजारी तीन जुन्या साड्या होत्या, ज्या माझ्या नव्हत्या. मी त्या तिथेच राहू दिल्या.