पाठमोरा

वकीलकाका वकील नव्हते. ते विमा कंपनीत दाव्यांची छाननी करत. लोकांची घरं खरंच जळली का, आणि जळली असतील तर ते सांगतात त्याच कोपऱ्यातून जळली का, हे पाहायचं त्यांचं काम. इतकी वर्षं हे केल्यावर समोरच्याने ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी माणूस पुरावा मागतो. घरी या सवयीचा सगळ्यांना वैताग होता. चित्रकथांच्या दुकानावरच्या माळ्यावर मात्र तिलाच हुशारी म्हणत, आणि त्यांना वकीलकाका.

तिथे त्यांना लेकीनेच नेलं होतं. एकदा तिच्या टेबलावरची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्यांनी सहज उचलली, सवयीने डावीकडून वाचली आणि जेवताना जाहीर केलं की कथानक साफ कोसळलंय, माणूस आधी मरतो आणि मग आजारी पडतो. लेक हसून हसून खुर्चीवरून घसरली. “अरे बाबा, ती उजवीकडून वाचतात! तू शेवटून सुरू केलंस!” हसताना तिचं नाक आक्रसायचं. पुढे कित्येक दिवस काकांना तेवढाच चेहरा पुरवून पुरवून वापरावा लागला, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

दर रविवारी दुपारी माळ्यावर पाचसहा टाळकी जमत. लोखंडी गोल जिना, नव्या कागदाचा आणि ओल्या खोक्यांचा एकत्र वास, कटकट करणारा पंखा. मधोमध एक फिरती खुर्ची. ती दुकानदारीणबाईंनी बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली होती. तिच्या फोमच्या गादीवर कुणी बसलं की ती थकल्यासारखा सुस्कारा सोडायची. वाद एखाद्या पात्राच्या वागण्यावरून असेल, तर कुणीतरी त्या खुर्चीत ते पात्र होऊन बसायचं आणि बाकीच्यांनी त्याची उलटतपासणी घ्यायची, अशी तिथली रीत. बसणाऱ्याने ‘मी’ म्हणूनच बोलायचं. इतरांनी त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं, मग तो दाढी न फुटलेला पोरगा का असेना. उत्तर छापील चौकटीत दिसतं तेवढंच द्यायचं. अॅनिमेमध्ये, म्हणजे त्याच कथेच्या पडद्यावरच्या आवृत्तीत, घातलेली गाणी, पाऊस, डोळ्यांतलं पाणी पुराव्यात धरायचं नाही.

आणि उठताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, “मी उठलो. ते गेले.”

हा शेवटचा नियम बाईंचा. मागे एक जण खलनायक होऊन बसला होता, तो हे न म्हणताच घरी गेला आणि वाटेत बसमध्ये कंडक्टरला साम्राज्य देऊ करून बसला, असं त्या सांगत. सगळे हसत. बाई मात्र हसत नसत.

त्या रविवारी वाद पाठमोऱ्याचा होता. एका मांगात गोठलेल्या नदीवरच्या पुलावर एक बाप आपल्या लहान मुलीला सोडून चालू लागतो. ती हाक मारते. तो वळत नाही. पुढे ती मुलगी मोठी होऊन अख्ख्या शहराशी लढते, खंडच्या खंड रक्त सांडतं, पण मूळ दुखणं एवढंच. त्या बापाचा चेहरा चित्रकाराने कुठेच काढलेला नाही. दिसते ती फक्त पाठ, म्हणून वाचकांनी त्याला पाठमोरा म्हणायला सुरुवात केली.

खुर्चीत लेक बसली होती. माळ्यावर तिला पुरवणी म्हणत, कारण वाद संपला की तिचा अजून एक मुद्दा उरलेला असे.

“हाक ऐकू आली तुम्हाला?” काकांनी विचारलं.

“आली.”

“तुमची मुलगी होती?”

“माझीच.”

“मग वळला का नाहीत?”

“लाज वाटली.”

“कुठल्या चौकटीत दिसते ती लाज?”

“पडद्यावर त्याचे खांदे किंचित...”

“पडद्यावरचं चालणार नाही. चौकट दाखवा.” काकांना आता सूर सापडला होता. “चेहरा काढलेला नाही, म्हणजे लाज काढलेली नाही. हाक ऐकून बाप वळत नाही, असं होतच नाही. हे कच्चं लिखाण आहे आणि तुम्ही त्याला भावनेचं ठिगळ लावताय.”

“पण आतून वाटत असेल तर...”

“हे तुझं नेहमीचंच आहे,” काका म्हणाले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते त्यांना कळलंच नाही. “उत्तर नसलं की लाज पुढे करायची. परीक्षेतून अर्ध्यावर उठून आलीस तेव्हाही हेच. लाज वाटते, परत जाणार नाही. त्याला लाज म्हणत नाहीत. त्याला पळपुटेपणा म्हणतात.”

परीक्षेचं माळ्यावर कुणालाही माहीत नव्हतं.

पंखा कटकटत राहिला. मेडिकलला असलेला डॉक्टर नावाचा मुलगा, काहीतरी करायला हवं म्हणून, हसला. लेकीने एकदा काकांकडे पाहिलं, मग खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग उठली आणि मागे न पाहता जिना उतरून गेली.

“पुरवणी!” बाईंनी कठड्यावरून वाकून हाक मारली. “अगं, ते म्हण आणि मग जा!”

ती वळली नाही.

काकांनी वाद जिंकला होता. रीतीप्रमाणे डब्यातलं क्रीमचं बिस्कीट त्यांना मिळालं. त्यांनी ते खाल्लंही. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज या बिस्किटाची वाटली.

घरी ते पोचले तेव्हा लेक ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिला राग आला असणार, हे उघडच होतं. काकांनी घसा साफ केला, पंखा वाढवला, कमी केला. ‘चुकलं माझं’ हे दोनच शब्द होते, पण माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या की स्वतःची चूक तोंडातून निघायला जड जाते. शेवटी ते म्हणाले, “चहा करतेस का?”

“तुम्ही घेणार?” तिने विचारलं.

एरवी ती त्यांना अरेतुरे करायची. राग आहे, काका स्वतःशी म्हणाले.

सोमवारी ती खिडकीशी पाठ करून बसलेली होती. मंगळवारी कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होती. काका कामावर जायला निघाले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, परतले तेव्हाही. एकत्र जेवण होत नव्हतं. ती ताट घेऊन गॅलरीत जायची आणि रस्त्याकडे तोंड करून जेवायची.

बायकोची बदली दुसऱ्या गावी झाली होती. तिचा फोन आला. “काय म्हणतेय पोरगी? माझ्याशी हं-हं करून ठेवून देते. चेहरा उतरलाय का हो तिचा?”

काकांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. रविवारपासून आपण तिचा चेहरा पाहिलेलाच नाही.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

“ठीक म्हणजे? बघून सांगा की जरा. दावा निकालात काढताय का?”

त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. ती ओट्यापाशी होती. समोरच्या खिडकीच्या काचेत अंधार दाटायला लागला होता आणि काच आरशासारखी झाली होती. काचेत दिवा दिसत होता, दारातले काका दिसत होते. लेकीच्या चेहऱ्याच्या जागी नुसते केस दिसत होते.

काच धुळकट असेल. कोन तिरपा असेल. काकांनी अशी कारणं आयुष्यभर इतरांची फेटाळली होती. आज ती त्यांनी एका फटक्यात मंजूर केली.

ओट्याला वळसा घालून तिच्या समोर जाणं हे चार पावलांचं काम होतं. ते दोन पावलं गेलेसुद्धा. जळालेल्या गोदामांत शिरणारा, मृतांचे फोटो भिंगाखाली धरून पाहणारा हा माणूस आपल्या लेकीचं तोंड पाहायला धजेना. तिथे काय दिसेल याची भीती होतीच. पण आपण तिला काय तोंड दाखवणार, ही अडचण त्याहून मोठी होती.

“ऐक ना,” ते तिथूनच म्हणाले. “माळ्यावर चल माझ्याबरोबर. ते एक वाक्य म्हणून टाक, बास.”

“तुम्ही हाक मारलीत?”

“हो. मीच.”

“ऐकू आली,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त फार लांबून आल्यासारखा. जणू मध्ये बर्फ असावं.

ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी काका कामावरून थेट दुकानात गेले. बाई एकट्याच होत्या. त्यांनी काकांना पाहिलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट केलं.

खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

“रोज सरळ करते,” बाई मागून म्हणाल्या. “खाली जाऊन गिऱ्हाईक करून येते, तोवर परत तशीच.”

“खालची खोबण झिजली असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “त्या दिवसापासून तिच्यात बसायला कुणी तयार नाही. डॉक्टर बसायला गेला आणि ‘सॉरी’ म्हणून उठला. विचारलं, कुणाला सॉरी म्हणालास रे? तर नुसता बघत राहिला.”

“तिच्या वतीने मी उठतो,” काका म्हणाले. “बसतो, वाक्य म्हणतो, विषय संपवतो.”

“काका, जी बसली तिनेच उठायचं असतं.”

“आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या दाव्यावरसुद्धा वारस सही करतो, बाई.”

“वारसाकडे मग ते सगळं येतंही ना?”

काका बसले. गादीने सुस्कारा सोडला. समोर भिंतीचा पोपडा होता, वीतभर अंतरावर. गादी उबदार होती.

“किमान एक प्रश्न विचारावा लागतो,” बाई म्हणाल्या. “लेकीने हाक मारली. ऐकू आली तुम्हाला?”

“आली.”

“मग वळला का नाहीत?”

काकांनी सगळ्या चौकटी मनात उलटून पाहिल्या. पूल, बर्फ, कोटाची पाठ. त्यांच्या नियमाने उत्तर कुठेच नव्हतं.

“लाज वाटली,” ते म्हणाले.

“कुठल्या चौकटीत दिसते?” बाईंनी हळूच विचारलं. नियम होता म्हणून.

“चेहऱ्यावर दिसली असती,” काका म्हणाले. “म्हणून तर वळलो नाही.”

इतकं चोख उत्तर या माळ्यावर कुणी दिलं नव्हतं. लेकीच्या तोंडून ते निघू दिलं नाही, ते आपणच. काकांचे कान तापले.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “मी उठलो. ते गेले.”

उठताना अंग फार हलकं वाटलं. बाईंची नजर अजून खुर्चीवरच होती. काका जिना उतरले. एरवी त्यांच्या वजनाने तो जिना कुरकुरायचा.

घराचं दार लोटलेलं होतं. आत रेडिओ चालू होता, फोडणीचा वास येत होता. काका भिंतीकडे तोंड करून बूट काढू लागले.

“बाबा, आलास तू?”

तू! काकांचे डोळे भरून आले. मागे तिची पावलं वाजली, मोकळी, नेहमीसारखी धपाधप.

“अरे, किती दिवस डोकं नुसतं बधिर झालं होतं. आज संध्याकाळी एकदम उतरलं. ऐक, मी पण जरा जास्तच ताणलं. बाबा? इकडे बघ ना.”

आता फक्त वळायचं होतं. ती हसत असणार. नाक आक्रसलं असेल. काकांनी मनात त्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा धरून पाहिला, क्रीमचं बिस्कीट खाणारा.

ते दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले. ती आधीच सुटलेली होती.

फोन वाजला. तिने उचलला.

“हॅलो? हो, बोला ना बाई... काय?” ती हसली, मग थांबली. “नाही, ते तर इथे... बरं. बरं, विचारते.”

तिची पावलं दोन हातांवर येऊन थांबली.

“बाबा, दुकानातून फोन आहे. बाई म्हणताहेत, दुकान बंद करायची वेळ झाली, पण बाबा अजून खुर्चीतच बसलेत. हाका मारल्या तरी वळत नाहीत. न्यायला कुणी येतंय का?”

रेडिओवर गाणं संपून बातम्या सुरू झाल्या होत्या.

“बाबा?” तिने हाक मारली.

हाक काकांना अगदी स्पष्ट ऐकू आली.