आज्जीचं विरजण

पाणी काचेसारखं नितळ, आणि त्यातच मासे गुदमरताहेत. आता हे कोडं कुणाला सुटावं?

जुईला तर मुळीच सुटेना. दिवाळीच्या साफसफाईत तिने घासोबाला, म्हणजे घरातल्या यंत्रमानवाला, माशांची पेटी लख्ख करायला सांगितली होती. घासोबा कामाला वाघ. त्याने काचा पुसल्या, गोटे धुतले, पाणी बदललं आणि फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली घासघासून पिवळाधमक केला. जुई बेहद्द खूश झाली. दोन दिवसांनी पाहते तर तिन्ही गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते.

मासे आज्जीचे होते. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने जीव लावून वाढवलेलं घरात आता एवढंच उरलं होतं, आणि तेही आपल्यामुळे जाणार, असं जुईला वाटलं.

घासोबाने पाण्यात आपला कॅमेरा बुडवला आणि गाळ शून्य असल्याचा निर्वाळा दिला. मग मासे काय नाटक करताहेत, असं पुटपुटत आबांनी त्याला बाजूला सारलं. आबा म्हणजे जुईचे आजोबा. त्यांचा उभा जन्म जिवाणूंच्या (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) अभ्यासात गेलेला. त्यांनी काचनळीत पाणी घेऊन चाचणीचे थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं.

"अमोनिया," ते म्हणाले. "विष आहे हे. दिसत नाही, म्हणून घासोबाला कळलं नाही."

मग त्यांनी तिला सगळं नीट उलगडून सांगितलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. स्पंजवर राहणारे काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, पण दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट (माशांना फारसा त्रास न देणारा क्षार) करून टाकतात. थोडं नायट्रेट पाणवनस्पती शोषतात, बाकीचं दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. नळाच्या पाण्यात मात्र क्लोरीन असतं, जंतू मारण्यासाठी घातलेलं. उपकारी कोण नि अपायकारी कोण, हे त्याला कुठलं कळायला? घासोबाने मळ समजून जिवाणूंची अख्खी वस्ती धुऊन टाकली होती.

जुईला एकदम आज्जी दिसली. पाटावर बसायची, टबात पेटीतलंच पाणी काढायची, स्पंज त्यात हलकेच पिळायची आणि तसाच परत ठेवायची. अजून मळकाच आहे की, म्हणून जुई टोकायची. "राहू दे गं, कुणाचं तरी घर आहे ते," असं म्हणून आज्जी हसायची. आठवणीने जुईला रडूच कोसळलं.

आबांनी तिला थोपटलं. क्लोरीन उडून जावं म्हणून आज्जी गच्चीत पाण्याची बादली भरून ठेवायची. ती गेल्यावरही आबा सवयीने भरत होते. त्या पाण्याने त्यांनी पेटीतलं अर्धं पाणी बदललं आणि माशांचं खाणं थांबवलं. पण नवी वस्ती आपोआप वसायला महिना तरी लागणार होता, आणि माशांनी तितका धीर धरणं कठीण होतं.

"आबा, दह्याला लावतो तसं याला विरजण नाही मिळत?" जुईने विचारलं.

"मिळतं की!" आबा म्हणाले. मग चपला अडकवून जुईला घेऊन थेट खालच्या मजल्यावर तांबेकाकूंकडे निघाले. काकूंनी नवी पेटी आणली तेव्हा आज्जीने आपल्या स्पंजचा तुकडा कापून त्यांना दिला होता.

काकूंनी पेटीतल्या पाण्यासकट एक तपकिरी तुकडा डब्यात घालून जुईच्या हातात ठेवला. "तुझ्या आज्जीचंच आहे हे, बाळा. मी नुसतं सांभाळलं."

आबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

तुकडा फिल्टरमध्ये गेला. आबा रोज थोडं पाणी बदलत आणि जुई रोज थेंब टाकून बघे. हिरवा रंग फिका होत होत एका सकाळी पिवळा झाला, म्हणजे अमोनिया उरला नव्हता. मासे तळाशी गोटे उचकत हुंदडत होते. तांबेकाकूंचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून जुईने त्यात चकल्या भरल्या.

"आबा, चंद्रावर वस्ती झाली आणि तिथे मासे नेले, तर विरजण कुठून आणतील?"

"मागायला आले तर देऊ की आपण," आबा म्हणाले.

जुईने त्याच दिवशी फिल्टरमध्ये एक जादा स्पंज घालून ठेवला.