बुजवलेलं दार

माझी मावशी गप्पिष्ट आहे, खोटारडी नाही. तिच्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहितोय.

गावातल्या एका खोलीच्या शाळेत ती एकटीच शिक्षिका. पट घसरला, शाळा बंद करायचं ठरलं. निरोपाच्या भाषणात शाळेचा इतिहास सांगायचा, म्हणून समारंभाच्या दिवशी दुपारी तिने म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं.

"ही मूळची धान्याची वखार. दार मागच्या भिंतीत होतं," तो म्हणाला. "एकदा वादळ झालं. गुरुजी ओढ्याचं पाणी बघायला निघाले. बजावून गेले, मी शाळा सुटली म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

"मग?"

"गुरुजी गेले वाहून. पोरं शहाणी... हलली नाहीत. छप्पर खाली आलं, एकही वाचलं नाही. नंतर डागडुजीत ते दार मीच बुजवलं. भाषणात हे नका घालू बाई, कुणाला चहा गोड लागायचा नाही."

मावशीने नाही घातलं.

संध्याकाळी लोक पांगले. आभाळ दाटलेलं. तिने फळा पुसला, खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं. आणि रिकाम्या वर्गाकडे बघून सवयीने म्हणाली,

"चला, सुटली शाळा!"

क्षणभर काहीच नाही.

मग... बसकरपट्ट्या सरकल्याचा आवाज आला.

पट्ट्या तर गुंडाळून कपाटात ठेवलेल्या.

अनवाणी पावलं धावली. उघड्या दाराकडे नाही...

मागच्या भिंतीकडे.

आणि भिंत वाजू लागली. लहान लहान तळव्यांनी.

मावशी कुलूप टाकून पळणारच होती. पण शेवटी शाळेची बाईच ती. दार सताड उघडून ओरडली, "इकडे या रे! दार इकडे आहे!"

आवाज थांबला...

पुन्हा सुरू झाला. जोरात.

त्यांना तेवढंच दार ठाऊक होतं.

तिने किल्लीने गिलावा खरवडला. नखं तुटली. वीट हलेना. भिंतीवरचा आवाज थकत, खाली खाली सरकत गेला... जमिनीपाशी आला.

ती गवंड्याकडे धावली. "पहार घ्या. भिंत फोडा!"

का, हे त्याने विचारलंच नाही.

"पहार उचलत नाही आता," तो खाली बघत म्हणाला. "दार बुजवत होतो, तेव्हा मलाही आतून श्वास ऐकू यायचे. पण शांत... भिंत कुणी बडवत नव्हतं, बाई."

दुसऱ्या दिवशी शाळेला सील लागलं.

"मी उठवलं नसतं, तर बसून तरी राहिली असती रे," मावशी अजून म्हणते.

आणि बोलता बोलता जवळच्या भिंतीला कान लावते.