असुम्प्ताबाईंचा दुसरा मजला

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. फक्त माझ्या रेमेई आत्याच्या तोंडावर हसू नका. तिच्या जिभेला हाड नाही.

बार्सिलोना. ग्रासिया भागातली आमची जुनी इमारत. गेल्या वर्षीची चौदा ऑगस्ट, दुपारचे तीन.

आत्या पहिल्या मजल्यावर एकटीच राहते. जेवून नुकतीच आडवी झाली होती. बाहेर ऊन असं, की गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि वरून आवाज आला...

घर्र्र.

कुणीतरी जड कपाट ओढत होतं. थांबत होतं. पुन्हा ओढत होतं.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो आवाज रोजचाच झाला होता.

वर बावन्न वर्षं असुम्प्ताबाई राहत होत्या. शिवणकाम करायच्या. आमच्या इमारतीच्या लोखंडी वेलबुट्टीच्या गॅलऱ्या, रंगीत काचा बघायला जगभरची माणसं येतात. नव्या मालकानं ते हेरलं. मार्चमध्ये म्हातारीला बाहेर काढलं आणि घर पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्यानं द्यायला लागला.

वृद्धाश्रमात ती चाळीस दिवसही जगली नाही.

आत्या सपाता फटकारत जिना चढली. आपलं दार तसंच सताड उघडं टाकून.

वर सारागोसाहून आलेलं तरुण जोडपं उभं होतं. बॅगा भरलेल्या. तोंडं पांढरीफटक.

"फिरायला आलात ना? मग माणसासारखे राहा! दुसऱ्याचं घर म्हणजे काय गोदाम वाटलं?"

"बाई," तो मुलगा म्हणाला, "आम्ही अर्धा तास इथे जिन्यातच आहोत."

आत्या काही बोलणार, तोच आतून...

घर्र्र.

"मग आत कोण आहे?"

"तेच तुम्हाला विचारायचं होतं." मुलगी रडकुंडीला आली होती. "रात्री पलंग खिडकीपाशी होता, सकाळी भिंतीला. शिलाई मशीन चालल्यासारखं ऐकू येतं. घरात मशीनच नाही हो! आणि एक म्हातारी ओरडते, चालते व्हा म्हणून."

"बरोबर ओरडते," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज चिरकला होता.

"आम्ही निघालोच. पण ती सारखं एक नाव घेते..."

"मालकाचं?"

"नाही. रेमेई. रेमेई कोण?"

त्यांना बाजूला सारून आत्या आत शिरली.

आत कुणी नव्हतं. सगळं सामान मात्र असुम्प्ताबाई ठेवायच्या तस्संच लागलेलं. खिडकीखालची जागा मोकळी. मशीनपुरती.

आत्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं... मार्चमध्ये घर रिकामं करायला माणसं आली, तेव्हा म्हातारी खाली येऊन तिचं दार ठोठावत होती. "रेमेई, दार उघड. नुसती शेजारी उभी राहा गं."

आत्या दारामागेच होती. श्वास रोखून. तिचं घरही त्याच मालकाचं.

"माझ्यावर कसला राग काढतेस?" त्या रिकाम्या खोलीत आत्या किंचाळली. "त्याच्या घरी जा! त्याची झोप उडव! मला कशाला छळतेस, मेले?"

सगळं शांत झालं.

मग खालून...

टक. टक. टक.

आत्या धावत खाली आली. दार भिंतीला टेकलेलं, सताड उघडं. चौकटीत कुणी नाही. आणि त्या उघड्या दाराच्या लाकडावर, तिच्या डोळ्यांदेखत...

टक. टक. टक.

त्यानंतर वरच्या घरात आठवडाभर कुणी टिकलं नाही. मालकानं त्याला कुलूप घातलंय. वरचा आवाज थांबला.

खालचा नाही.

आत्या रोज दुपारी दार उघडं ठेवून बसते. आधी म्हणायची, "ये गं आत." मग रडली. मग शिव्या घातल्या. आत कुणी येत नाही, ठोठावणं थांबत नाही.

गेल्या रविवारी मी तिच्यापाशी बसलो होतो. तीन वाजले. दार उघडंच.

मी माझ्या कानांनी ऐकलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या रागानं तिनं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"तिला बाहेर काढलं, त्या दिवशी तू कुठे होतास रे?"

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

घरीच होतो.